महागडे स्पीकर आणि बारा बाय पंधराची खोली

स्पीकर बनवणारी कंपनी आपल्या माहितीपत्रकात जो आलेख छापते, तो बहुधा अशा पद्धतीने मोजलेला असतो की भिंतींवरून परतणारा आवाज त्यात येतच नाही. घरी आणलेला स्पीकर मात्र भिंतींशिवाय कधीच वाजत नाही. काही लाख रुपये मोजून आणलेली जोडी दुकानातल्या ऑडिशनला डोळ्यांसमोर गायक उभा करते आणि घरच्या दिवाणखान्यात डग्ग्याचा नुसता घुमारा ऐकवते, याचे कारण बहुतेक वेळा स्पीकरमध्ये, अॅम्प्लिफायरमध्ये किंवा वायरमध्ये नसते. ते खोलीच्या मापांत आणि स्पीकर ठेवलेल्या जागेत असते. ही जागा ठरवण्याचा बराचसा भाग साध्या गुणाकार-भागाकाराचा आहे आणि त्यासाठी सुरुवातीला मोजपट्टीखेरीज काहीही विकत आणावे लागत नाही.

उदाहरणासाठी आपण शहरी फ्लॅटमधली एक खोली घेऊ: १२ फूट रुंद, १५ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच, म्हणजे मीटरमध्ये ३.६६, ४.५७ आणि २.९. भिंती विटांच्या, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. पुढचे सगळे आकडे याच खोलीचे आहेत. आपल्या खोलीची मापे वेगळी असतील तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. या वेगाला वारंवारतेने (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येने, जी हर्ट्झमध्ये मोजतात) भागले की तरंगलांबी मिळते. १०,००० हर्ट्झच्या, म्हणजे तंबोऱ्याच्या जवारीतल्या बारीक झंकाराच्या पट्ट्यातल्या आवाजाची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. १०० हर्ट्झची ३.४ मीटर असते आणि ४० हर्ट्झची साडेआठ मीटर. पहिला आवाज खोलीत प्रकाशकिरणासारखा सरळ जातो, भिंतीवर आपटतो आणि दुसरीकडे वळतो. शेवटच्याला ही खोली अपुरी पडते, त्यामुळे तो किरणासारखा वागतच नाही. संपूर्ण खोलीतली हवा एकत्रितपणे त्याच्या तालावर हलते. या दोन वागणुकींमधली सीमा मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते आणि आपल्या खोलीसाठी ती साधारण २०० हर्ट्झच्या आसपास येते. या सीमेच्या वर काय ऐकू येते ते मुख्यतः स्पीकर ठरवतो. तिच्या खाली खोली ठरवते. स्पीकर मांडण्यातला बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतो: बासची, म्हणजे खालच्या आवाजाची, तक्रार असताना लोक भिंतीला फोम चिकटवतात आणि ट्रेबल, म्हणजे वरचा आवाज, टोचत असताना नवा सबवूफर, म्हणजे फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर, आणतात.

आधी खालच्या पट्ट्याकडे पाहू, कारण तिथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. दोन समांतर भिंतींमधले अंतर ज्या आवाजाच्या अर्ध्या तरंगलांबीइतके असते, तो आवाज त्या दोन भिंतींमध्ये अडकून स्थिर तरंग तयार करतो. बादली हलवल्यावर पाणी दोन्ही कडांना वरखाली होते आणि मधोमध पातळी जवळपास तशीच राहते, तसाच हवेचा दाब दोन्ही भिंतींपाशी जास्तीत जास्त बदलतो आणि मधोमध जवळजवळ बदलतच नाही. ही वारंवारता काढण्यासाठी ३४३ ला अंतराच्या दुपटीने भागावे. आपल्या खोलीत लांबीचा पहिला स्थिर तरंग ३७.५ हर्ट्झवर येतो, रुंदीचा ४७ वर, उंचीचा ५९ वर आणि लांबीचा दुसरा ७५ वर. पुढे त्यांची गर्दी इतकी होते की ते वेगवेगळे जाणवत नाहीत. तीन मापे एकमेकांपासून वेगळी असली की हे आकडे विखुरले जातात आणि बास त्यातल्या त्यात सारखा लागतो. दहा बाय दहाची आणि उंचीलाही दहा फूट असलेली बेडरूम ही या दृष्टीने सर्वांत वाईट खोली; तिथे तिन्ही दिशांचे तरंग ५६ हर्ट्झवर एकमेकांवर चढतात आणि तेवढा एकच स्वर ढोल बडवल्यासारखा वाजतो. घरात दुसरी कोणतीही खोली असेल तर अशा खोलीत महागडे स्पीकर नेऊ नयेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या विषयावरचे पुष्कळसे लेखन अमेरिकेतल्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहे. तिथल्या अनेक घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या तक्त्यांच्या असतात. त्या खालच्या आवाजाने किंचित वाकतात, त्यातला काही भाग शोषतात आणि काही बाहेर जाऊ देतात. विटांची आणि काँक्रीटची भिंत यांपैकी फारसे काही करत नाही. तिच्यावर आदळलेला बास जवळजवळ पूर्ण ताकदीने परत येतो, म्हणून आपल्याकडे स्थिर तरंग अधिक टोकदार असतात आणि स्वर थांबल्यावरही त्यांची शेपटी अधिक वेळ रेंगाळते. तिथल्या घरात जो स्पीकर भरदार वाटतो, तोच आपल्या फ्लॅटमध्ये जड आणि गढूळ वाटू शकतो. तेव्हा ‘जेवढा मोठा वूफर (स्पीकरमधला खालचा आवाज काढणारा भाग) तेवढे चांगले’ हा हिशेब आपल्या खोल्यांना सहसा मानवत नाही; माझ्या मते आपल्या उदाहरणातल्या खोलीसाठी साडेसहा-सात इंची वूफरचा उत्तम स्पीकर हा बारा इंचीपेक्षा शहाणपणाचा आहे.

आता बसण्याची जागा. स्पीकर आधी मांडून खुर्ची उरलेल्या जागेत ढकलण्याची रीत सर्वत्र दिसते, पण क्रम उलटा हवा. श्रोता मागच्या भिंतीला टेकून बसला तर लांबीचे सगळे स्थिर तरंग त्याच्या कानापाशी शिगेला पोहोचतात. तो खोलीच्या बरोबर मध्यावर बसला तर ३७.५ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो आणि ७५ फुगतो. या दोहोंमधली तडजोड म्हणून स्टुडिओ बांधणाऱ्यांमध्ये ३८ टक्क्यांचा आडाखा रूढ झाला आहे: खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतर एका भिंतीपासून सोडून बसावे. आपल्या खोलीत मागच्या भिंतीपासून हे अंतर १.७४ मीटर, म्हणजे साधारण पावणेसहा फूट येते. हा आडाखा आहे, नियम नव्हे. दरवाजे, खिडक्या आणि माळ्याची बांधणी यांमुळे प्रत्यक्षात चार-सहा इंचांचा फरक पडतो. पण सुरुवात तिथून करावी. सोफा भिंतीपासून पावणेसहा फूट पुढे ओढण्याला घरातून विरोध होणार हे उघड आहे आणि त्यावर ध्वनिशास्त्रात उपाय नाही.

जागा ठरली की स्टिरिओचा त्रिकोण मांडता येतो. दोन स्पीकरांतून आवाज देऊन समोरच्या पोकळीत गायक, वादक आपापल्या जागी उभे करण्याची कल्पना अॅलन ब्लुमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ च्या पेटंट-अर्जात तपशीलवार मांडली. तिचा आधार असा की आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो. अगदी बाजूने आलेला आवाज एका कानात दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.६५ मिलिसेकंद आधी पोहोचतो. एवढ्याशा कालावधीत डावे-उजवे सगळे सामावलेले असते. म्हणून दोन स्पीकर आणि श्रोता यांनी समभुज त्रिकोण करावा, प्रत्येक स्पीकर नाकासमोरच्या रेषेपासून ३० अंशांवर असावा, असा संकेत आहे. आपल्या खोलीत स्पीकरांमध्ये २.१ मीटर अंतर ठेवले तर त्यांना जोडणारी रेषा श्रोत्यापासून १.८२ मीटरवर येते, स्पीकरमागे भिंतीपर्यंत साधारण एक मीटर उरतो आणि बाजूच्या भिंतींपर्यंत ७८ सेंटिमीटर. स्पीकर अर्थातच १२ फुटी भिंतीकडे, तोंड खोलीच्या लांबीच्या दिशेने. दोन्ही स्पीकरांचे श्रोत्याच्या डोक्यापासूनचे अंतर मोजपट्टीने तपासावे. एका सेंटिमीटरच्या तफावतीने २९ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, आणि अनुकूल परिस्थितीत मानवी कानांना दहा-वीस मायक्रोसेकंदांचा फरकही कळतो, त्यामुळे हा काटेकोरपणा अनाठायी नाही.

स्पीकरमागे सोडलेला तो एक मीटर अनेकांना जागेची उधळपट्टी वाटतो. तो का लागतो हे समजून घेण्यासारखे आहे. खालचा आवाज स्पीकरच्या फक्त पुढे जात नाही, तो चहूबाजूंना पसरतो. मागे गेलेला आवाज भिंतीवरून परत येतो तेव्हा त्याने जादा अंतर कापलेले असते, आणि हे जादा अंतर ज्या आवाजाच्या अर्ध्या तरंगलांबीइतके असेल, तिथे पुढचा आणि परतलेला आवाज एकमेकांना खोडतात आणि आवाजात खड्डा पडतो. ढोबळ मानाने, वूफरपासून त्याच्या मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीने ३४३ ला भागावे. एक मीटरला ८६ हर्ट्झ येते. आपल्या मांडणीतले तिरके मार्ग धरून नेमका हिशेब केला तर ९२. अंतर ६० सेंटिमीटर केले तर हा खड्डा १४३ हर्ट्झच्या आसपास सरकतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झचा असतो, म्हणजे खड्डा थेट गायकाच्या षड्जाखाली खणला गेला आणि आवाज अंगाने पोकळ होतो. अंतर वाढवत नेले की खड्डा खाली सरकतो आणि गळ्याच्या मुख्य पट्ट्याबाहेर जातो. बाजूच्या भिंतीचाही असाच खड्डा पडतो. आपल्या मांडणीत तो १६० च्या जवळ येतो. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन यांच्यापासूनची वूफरची अंतरे सारखी झाली तर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात. म्हणून ही तीन अंतरे मुद्दाम वेगवेगळी ठेवावीत.

स्पीकर कोपऱ्यात ढकलण्याचे दुष्परिणाम याच्या उलट दिशेचे आहेत. प्रत्येक जवळचा पृष्ठभाग खालच्या आवाजात ६ डेसिबलपर्यंत भर घालतो. जमीन आणि दोन भिंती मिळून कोपऱ्यात ही भर हिशेबाने १८ डेसिबलपर्यंत जाते. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली बाजारात आणलेला क्लिप्शहॉर्न कोपऱ्यासाठीच घडवलेला आहे, त्यात खोलीच्या भिंती हाच भोंग्याचा पुढचा भाग असतो. परंतु तो अपवाद आहे. दुसऱ्या टोकाला क्वाड कंपनीचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक किंवा मॅग्नेपॅन कंपनीचे पडद्यासारखे स्पीकर आहेत, जे पुढे जितका आवाज फेकतात तितकाच मागे फेकतात. त्यांना मागे एक मीटर हा किमान समजावा. राहता राहिला बास-रिफ्लेक्सचे, म्हणजे बास वाढवण्यासाठी स्पीकरच्या पेटीला ठेवलेले, भोक पुढे असावे की मागे, हा नेहमीचा वाद. त्या भोकातून येणारा आवाज इतका खालचा असतो की तो कोणत्या बाजूने निघाला याने फारसे बिघडत नाही. भोकामागे चार-सहा इंच मोकळी जागा असली की पुरे.

खालचा पट्टा बसला आहे का, हे कानाने ओळखण्याची उत्तम परीक्षा आपल्याच संगीतात आहे. तबल्याच्या चांगल्या एकलवादनात डग्ग्यावर मनगट दाबत काढलेली मींड ऐकावी. तिचा स्वर सलग सरकतो, त्यामुळे तो वाटेतल्या प्रत्येक वारंवारतेला स्पर्श करतो. मींड चढताना एखाद्या जागी अचानक फुगली किंवा एखाद्या जागी गिळली गेली, तर ती वादकाची करामत नसून खोलीची आहे. अशा वेळी स्पीकर एकदम फूटभर न हलवता एकेक इंच पुढे-मागे करावेत आणि खुर्चीही तशीच हलवून पाहावी.

यानंतर वरचा पट्टा. ट्वीटरची, म्हणजे स्पीकरमधल्या वरचा आवाज काढणाऱ्या छोट्या भागाची, उंची बसलेल्या श्रोत्याच्या कानाइतकी हवी. खुर्चीवर बसल्यावर ती ९० ते १०० सेंटिमीटर असते आणि बरेचसे उभे स्पीकर तिच्या जवळपास धरून बनवलेले असतात. ज्या घरांत गादी-तक्क्यांची बैठक आहे, तिथे कान बरेच खाली येतात. वूफर आणि ट्वीटर यांच्यात आवाजाची वाटणी बहुधा २,५०० हर्ट्झच्या आसपास होते. तिथे तरंगलांबी साधारण १४ सेंटिमीटर असते, म्हणजे दोघांच्या मार्गांत सात सेंटिमीटरचा फरक पडला की ते एकमेकांना खोडू लागतात. बैठकीवर ऐकायचे असेल तर उभा स्पीकर पुढच्या बाजूने किंचित खाली झुकवावा, किंवा छोटा स्पीकर आखूड स्टँडवर ठेवावा.

स्पीकर श्रोत्याकडे किती वळवावेत, ज्याला टो-इन म्हणतात, याचे एकच उत्तर नाही. ट्वीटरचा सर्वांत वरचा आवाज अरुंद झोताने पुढे जातो, त्यामुळे स्पीकर सरळ समोर ठेवले की ट्रेबल मवाळ होतो आणि कानाकडे वळवले की उजळतो. मोनो ध्वनिमुद्रण लावून हे ठरवणे सर्वांत सोपे. बालगंधर्वांच्या किंवा केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनोच आहेत. त्यांचा आवाज दोन्ही स्पीकरांतून अगदी सारखा येतो, म्हणून तो बरोबर मध्यभागी, माणसाच्या तोंडाएवढ्या आकारात ऐकू आला पाहिजे. तो रुंद, पसरट लागला तर स्पीकर थोडे आत वळवावेत. एका बाजूला झुकला तर अंतरे पुन्हा मोजावीत, आणि तरीही झुकला तर दोन्ही बाजूंचे परावर्तन सारखे नाही असे समजावे: एकीकडे खिडकीची काच आणि दुसरीकडे पुस्तकांचे कपाट, अशा खोलीत हे हमखास होते.

बाजूच्या भिंतीवरून येणारे पहिले परावर्तन आपल्या मांडणीत थेट आवाजानंतर सुमारे तीन मिलिसेकंदांनी पोहोचते. इतक्या लवकर आलेला प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही. मेंदू तो मूळ आवाजातच मिसळतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखवलेला परिणाम तो हाच. हे परावर्तन शोषून टाकावे की राहू द्यावे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. ध्वनिमुद्रण अभियंते ते मारतात, तर फ्लॉइड टूल यांच्यासारखे संशोधक म्हणतात की स्पीकरचा बाजूला जाणारा आवाज समतोल असेल तर हे परावर्तन घरगुती श्रोत्याला सुखावते. मला दुसरे म्हणणे पटते, पण एका अटीवर: खोली मुळात कोरडी, म्हणजे न घुमणारी, असायला हवी. परावर्तनाची जागा शोधणे सोपे आहे. श्रोत्याने खुर्चीत बसावे, दुसऱ्याने भिंतीलगत आरसा सरकवावा. आरशात ट्वीटर दिसला की तीच जागा.

खोली किती कोरडी असावी, याचे गणित हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात गाद्या हलवून हलवून शोधले. खोलीच्या घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागले की आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ मिळतो. आपल्या खोलीचे घनफळ ४८.५ घनमीटर आहे. ती रिकामी, गिलाव्याची आणि टाइल्सची असेल तर हा वेळ तीन सेकंदांच्या घरात जातो. ऐकण्यासाठी तो ०.४ सेकंदांच्या जवळपास हवा. त्यासाठी सुमारे साडेएकोणीस चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतके शोषण लागते. एखाद्या गालिच्याने आणि शोभेच्या पडद्याने ते कधीच भरत नाही, पण जाड सोफा, चुण्या घातलेले वजनदार पडदे, मोठी जाड सतरंजी, छतावर किंवा भिंतीवर कापडात मढवलेले चार इंची रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) तक्ते यांनी मिळून भरते. पुस्तकांची उघडी कपाटे आवाज विखुरण्याचे काम चोख करतात आणि दिसायलाही बरी दिसतात. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावण्याचा उपाय मात्र कृपया करू नये. त्याने थोडासा ट्रेबल बदलतो आणि बाकी काहीच होत नाही. पातळ फोमचीही तीच मर्यादा आहे, कारण आवाज नीट शोषण्यासाठी शोषकाची जाडी, मागची पोकळी धरून, पाव तरंगलांबीच्या आसपास हवी. ८० हर्ट्झला ती एक मीटरहून अधिक भरते.

म्हणजे बास शोषणे कठीण, आणि विटांच्या घरात तर फारच. तिथे दोन उपाय उरतात. एक म्हणजे एकाऐवजी दोन सबवूफर, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर. लांबीच्या पहिल्या स्थिर तरंगात एका भिंतीपाशी दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या भिंतीपाशी कमी होतो. दोन्हीकडून एकाच वेळी एकसारखा ढकलला तर तो तरंग उभाच राहत नाही. हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांच्या अभ्यासाने ही मांडणी प्रसिद्ध केली. दुसरा उपाय म्हणजे मोजमाप आणि इक्वलायझर, म्हणजे ठरावीक वारंवारतेचा आवाज कमी-जास्त करण्याची सोय. मोजण्यासाठी लॅपटॉप, यूएसबीचा मापन-मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरते. आलेखात २०० हर्ट्झखाली जे उंचवटे दिसतात, ते इक्वलायझरने खुशाल कापावेत. त्याने बास एकदम स्वच्छ होतो. खड्डे भरण्याच्या भानगडीत पडू नये. खड्डा दोन आवाजांच्या खोडाखोडीने झालेला असतो, त्यामुळे आवाज वाढवला की खोडणाराही तेवढाच वाढतो, आणि १० डेसिबल वाढवण्यासाठी अॅम्प्लिफायरला दहापट शक्ती द्यावी लागते. खड्ड्यावर इलाज जागा बदलण्याचाच.

पंखा ऐकताना बंद ठेवावा. फिरती पाती छताकडून येणारे परावर्तन सतत कापत राहतात आणि लांब लावलेला स्वर थरथरल्यासारखा वाटतो. वायरीबद्दल थोडक्यात सांगायचे तर घरातल्या फिटिंगसाठी वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर अंतरापर्यंत निर्धास्तपणे चालते. येण्याजाण्याचा मिळून तिचा रोध ०.०७ ओहमच्या जवळपास भरतो, जो ८ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य आहे. उरलेले पैसे रॉकवूलला द्यावेत.

जागा पक्की झाली की प्रत्येक स्पीकरच्या तळाभोवती टाइल्सवर चिकटपट्टीने खुणा कराव्यात आणि खुर्चीच्या पायांच्याही कराव्यात. टोकदार स्पाइक वापरत असाल तर त्यांखाली धातूच्या चकत्या ठेवाव्यात, नाहीतर टाइल्सवर ओरखडे उठतात. फरशी पुसण्यासाठी स्पीकर रोज इकडेतिकडे सरकवले जाणार असतील, तर वर मोजलेला एकेक सेंटिमीटर या खुणांवाचून आठवडाभरही टिकत नाही.